विश्व कोणाच्या मापानें बेतलें?

आमच्या गांवीं दरवर्षीं हिवाळ्यांत एक व्याख्यानमाला भरते. तिच्या गेल्या सत्रांत एका विद्वान् गृहस्थांचें विश्वरचनेवर व्याख्यान झालें. वक्तेमहाशयांनीं उभें आयुष्य पदार्थविज्ञान शिकविण्यांत घालविलेलें. वाणी रसाळ, मांडणी सफाईदार, आणि हाताशीं आंकड्यांचा दारूगोळा असा कीं, श्रोत्यांपैकीं कोणाची शंका विचारण्याची छाती होऊं नये. दीड तासाच्या भाषणाचा मथितार्थ मात्र थोडक्यांत सांगतां येतो. निसर्गाचे जे मूलभूत स्थिरांक आहेत, गुरुत्वाकर्षणाचें बळ, अणुकेंद्रास बांधून ठेवणारें बळ, इलेक्ट्रॉनचें वस्तुमान इत्यादि, ते केसभर इकडेतिकडे असते तर तारे, मूलद्रव्यें, जीव आणि माणूस यांतलें कांहींच संभवलें नसतें. ज्याअर्थीं ते हवे तेवढेच आहेत, त्याअर्थीं हें विश्व जीवासाठीं, किंबहुना बुद्धिमान् जीवासाठीं, कोणीतरी हेतुपुरःसर बेतलेलें आहे. “हें मी सांगत नाहीं, विज्ञान सांगतें,” या वाक्यानें त्यांनीं समारोप केला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

माझ्या शेजारीं माझे एक जुने स्नेही बसले होते. ते निवृत्त शिक्षक. आषाढीची वारी त्यांनीं पंचवीस वर्षांत चुकविलेली नाहीं. तीन वर्षांपूर्वीं त्यांचा कर्तासवरता मुलगा रक्ताच्या कर्करोगानें गेला. सभागृहाबाहेर पडतांना ते हळूच म्हणाले, “अहो, ज्यानें शंभर-सव्वाशें घरांपर्यंत हिशेब बरोबर ठेवला म्हणतात, त्याच्या हातून आमच्या पोराच्या एका पेशींतला हिशेब कसा हो चुकला?” मग चपला शोधतां शोधतां पुन्हा म्हणाले, “माझ्या विठोबाला असली साक्ष नको होती. यांनीं त्याला उगाच कोर्टांत उभा केला.”

दीड तासाच्या भाषणापेक्षां या दोन वाक्यांत मला अधिक विचार आढळला, आणि हा लेख लिहिण्याचें कारणहि तींच आहेत. ईश्वर आहे कीं नाहीं हा प्रश्न मी येथें काढीत नाहीं. भाषण ऐकून ज्यांना बरें वाटलें त्यांच्या समाधानाशींहि माझें भांडण नाहीं. माझें भांडण “विज्ञान सांगतें” या दोन शब्दांशीं आहे. स्थिरांक बदलले तर विश्व बदलेल, हें विज्ञान सांगतें. तें आपल्यासाठीं बेतलें आहे, यांतला “साठीं” हा शब्द विज्ञानाचा नाहीं. तो वक्त्यांनीं आपल्या पदरचा घातलेला आहे.

प्रतिपक्षाचें म्हणणें खोडण्यापूर्वीं तें त्याच्या सर्वांत बळकट स्वरूपांत मांडावें, ही आपल्याकडील वादाची जुनी शिस्त आहे. वक्त्यांच्या पांचसात उदाहरणांत अव्वल होतें तें कार्बनचें. म्हणून तेंच विस्तारानें घेतों.

तारा म्हणजे मूलद्रव्यें शिजविणारी भट्टी. तिच्या पोटांत प्रथम हायड्रोजनपासून हेलियम होतो. गाभ्यांतला हायड्रोजन सरला कीं गाभा आंकुंचन पावतो, तापमान दहा कोटि अंशांच्या घरांत जातें, आणि हेलियमचीं केंद्रें एकमेकांस भिडूं लागतात. दोन जुळलीं कीं बेरिलियमचें एक केंद्र होतें. परंतु तें इतकें अल्पायुषी कीं, एका सेकंदाचे कोटि अब्ज भाग केले तर त्यांतल्या सुमारें एका भागापुरतेंच टिकतें. तेवढ्या अवधींत तिसरें हेलियम-केंद्र येऊन आदळलें तरच कार्बन! ही वाट एडविन सॅल्पीटर यांनीं १९५२ च्या सुमारास दाखविली. पुढच्याच वर्षीं कॅलिफोर्नियांत पॅसाडेना येथें फ्रेड हॉइल यांनीं तिचा हिशेब केला, तेव्हां त्यांना दिसलें कीं, या वाटेनें कार्बन फार थोडा होतो, आणि जो होतो तो लागलीच आणखी एक हेलियम-केंद्र गिळून ऑक्सिजन होऊन बसतो. मग विश्वांत जो इतका कार्बन दिसतो तो आला कोठून?

यावर तोड एकच होती. झोपाळ्यास त्याच्या स्वतःच्या लयींत झोका दिला कीं थोड्या जोरानेंहि तो उंच जातो. शास्त्रीय भाषेंत यास अनुस्पंदन म्हणतात. कार्बनच्या केंद्रास तळाच्या स्थितीहून सुमारें ७.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंचीवर एखादी ऊर्जापातळी असेल, तर तीन हेलियम-केंद्रांचें मीलन तिच्याशीं लयींत येऊन कार्बन झपाट्यानें होईल. हॉइल यांनीं ही अपेक्षा विल्यम फाउलर यांच्यापुढें ठेवली. ते आरंभीं साशंक होते. परंतु वॉर्ड व्हेलिंग व त्यांचे सहकारी यांनीं प्रयोग केला आणि पातळी जवळजवळ तेथेंच सांपडली. तिचें आजचें मान ७.६५ आहे. ऑक्सिजनच्या केंद्रासहि अशी एक पातळी ७.१२ वर आहे. परंतु कार्बन आणि हेलियम जुळण्याची पायरी ७.१६ वर पडते, त्यामुळें तेथें झोका लागत नाहीं आणि झालेला कार्बन पुष्कळसा शिल्लक राहतो. या जुळणीकडे बोट दाखवून हॉइल यांनीं १९८१ सालीं अशा अर्थाचें लिहिलें कीं, पदार्थविज्ञानाच्या नियमांत कोण्या महाबुद्धीनें हात घातला असावा असेंच साध्या व्यवहारबुद्धीस वाटेल.

हॉइल हें नांव मराठी वाचकांस परकें नाहीं. कोल्हापुरांत जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिज येथें त्यांचे शिष्य आणि पुढें सहकारी झाले. गुरुशिष्यांनीं मिळून मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त १९६४ सालीं जगभर गाजला. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यांत पुण्यास निवर्तले. त्यांची पुस्तकें वाचून आमच्या घरांतल्या दोन पिढ्यांनीं आकाशाकडे पाहावयास शिकून घेतलें. म्हणून हॉइल यांच्या नांवाचा कोणी सैल उपयोग केला कीं मला जरा अधिकच लागतें, हेंहि कबूल करून टाकतों.

तो सैल उपयोग असा. वक्त्यांच्या सांगण्याप्रमाणें हॉइल मनाशीं म्हणाले: मी जिवंत आहें, माझा देह कार्बनचा आहे, अतएव कार्बनला ही पातळी असलीच पाहिजे, आणि निसर्गानें मान डोलावली! जीवाच्या अस्तित्वावरून अणुकेंद्राचा गुण वर्तविला गेला, तेव्हां अणुकेंद्र जीवासाठींच घडविलें हें उघड नाहीं काय? ऐकावयास गोड आहे. परंतु डेन्मार्कचे विज्ञानेतिहासकार हेल्गे क्राघ यांनीं त्या काळचें लेखन तपासून २०१० सालीं दाखवून दिलें कीं, १९५३-५४ च्या त्या कामांत जीवाचा प्रश्नच नव्हता. हॉइल यांच्यापुढें प्रश्न होता तो ताऱ्यांत मूलद्रव्यें कोणत्या प्रमाणांत होतात एवढाच. जीवाचा धागा पुष्कळ वर्षांनीं मागाहून जोडला गेला, आणि त्यास हॉइल यांनीं स्वतःहि हातभार लावला.

इतिहास बाजूस ठेवूं. नुसता तर्क पाहिला तरी काय दिसतें? या अनुमानांतला हेतु “कार्बन पुष्कळ आहे” एवढाच आहे. “मी आहें” या ऐवजीं “माझ्या बोटांतला हिरा आहे” असें म्हटलें तरी ती पातळी तितकीच सिद्ध होते. ज्या अनुमानांत हिरा माणसाचें काम चोख बजावतो, त्यांतून माणसाचें माहात्म्य कसें निघावें? हिऱ्यासहि वाचा फुटली तर तो म्हणेल, विश्व माझ्यासाठीं बेतलेलें आहे. आणि वक्त्यांच्या युक्तिवादांत त्याला गप्प बसविण्याचें साधन नाहीं.

जातां जातां आणखी एक गंमत. महास्फोटाच्या क्षणाचे आंकडे आणि हॉइल यांची साक्ष हीं दोन्हीं वक्त्यांनीं एकाच दमांत दिलीं. त्या महास्फोटास “बिग बँग” हें नांव १९४९ सालीं बी. बी. सी. वरून हॉइल यांनींच दिलें. परंतु त्या कल्पनेवर त्यांचा विश्वास २००१ सालीं मरेपर्यंत बसला नाहीं. साक्षीदारास बोलवावयाचें आणि त्याची अर्धी जबानी दाबून ठेवावयाची, हें वकिलीस एक वेळ शोभेल, व्याख्यानपीठास शोभत नाहीं.

आतां “केसभर” या शब्दाकडे वळूं. मारिओ लिव्हिओ व त्यांचे सहकारी यांनीं १९८९ सालीं कार्बनची ती पातळी ०.०६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांनीं वर सरकवून गणित केलें. कार्बनच्या उत्पत्तींत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. २००० सालीं ओबरहुमर, चोटो व श्लाट्ल यांनीं निराळ्या बाजूनें हिशेब मांडला: अणुकेंद्रांतील बळ शेंकडा अर्ध्यानें बदललें तर कार्बन किंवा ऑक्सिजन यांपैकीं एकाची फार मोठी तूट येते. वक्त्यांनीं हा दुसरा निबंध सांगितला, पहिला सांगितला नाहीं. तिसराहि नाहीं. २०१९ सालीं ह्वांग, ॲडम्स व ग्रोस यांनीं मोठ्या ताऱ्यांचीं नवीं गणितें केलीं, तेव्हां दिसलें कीं, ती पातळी ०.३ नें खालीं किंवा ०.५ नें वर नेली तरी तारे कार्बन करीतच राहतात; ऑक्सिजनपुरती मर्यादा थोडी अरुंद, इतकेंच. त्यापूर्वीं २०१७ सालीं ॲडम्स व ग्रोस यांनीं विचारलेला प्रश्न मला याहून मार्मिक वाटतो. बेरिलियमचें तें क्षणभंगुर केंद्र जरा अधिक घट्ट बांधलें जाऊन टिकलें असतें तर? तर कार्बन होण्यास त्या अनुस्पंदनाची गरजच उरली नसती. म्हणजे ज्या जुळणीचें आपण कौतुक करतों ती एका अडचणीवरची तोड आहे, आणि अडचणहि त्याच निसर्गानें उभी केलेली आहे. शिंप्यानें आधीं कापड अपुरें फाडलें आणि मग ठिगळ बेमालूम लावलें, तर ठिगळाची वाहवा जरूर करावी. परंतु त्यावरून अंगरखा आपल्या मापानें बेतला होता असें म्हणणें धाडसाचें आहे.

दुसराहि एक दोष या पद्धतींत आहे. एक आंकडा हलवावयाचा आणि बाकीचे सगळे खिळवून ठेवावयाचे, ही तिची रीत. आमटींत मीठ दुप्पट पडलें तर ती तोंडीं धरवत नाहीं हें खरें. परंतु पाणी, डाळ आणि मसालाहि दुप्पट घातला तर तीच आमटी चार पानांऐवजीं आठ पानांस पुरते. हार्निक, क्रिब्स व पेरेझ यांनीं २००६ सालीं निसर्गाच्या चार बळांपैकीं दुर्बल अणुबळ कागदावर पार काढून टाकलें, इतर आंकडे त्याच्याबरोबर जुळवून घेतले, आणि तशा विश्वांतहि तारे जळूं शकतात व मूलद्रव्यें होऊं शकतात असें दाखविलें. यावरून जुळणीचा प्रश्न मिटला असें मी म्हणत नाहीं. ताऱ्यांचें आणि मूलद्रव्यांचें गणित स्थिरांकांशीं नाजुकपणें बांधलेलें आहे, आणि तें तसें कां आहे हा प्रश्न खरा आहे. परंतु नाजुकपणा केसाएवढा कीं हाताएवढा, हें अद्याप मोजलें जात असतां तो वज्रलेप पुरावा म्हणून सभेपुढें ठेवणें याला घाई म्हणतात.

ही घाई नवीहि नाहीं. डार्विन यांच्या बरोबरीनें नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडणारे आल्फ्रेड रसेल वॉलेस हे कांहीं सामान्य बुद्धीचे पुरुष नव्हते. त्यांनीं १९०३ सालीं विश्वांतील मनुष्याच्या स्थानाविषयीं एक ग्रंथ लिहिला. त्या वेळच्या ज्योतिषशास्त्राप्रमाणें आपला सूर्य तारकासमूहाच्या मध्याजवळ होता. वॉलेस यांनीं त्यावरून असें प्रतिपादिलें कीं, हें मध्यवर्ती स्थान जीवाच्या विकासास आवश्यक असून सारी रचना मनुष्याच्या उत्पत्तीकडे रोखलेली आहे. पंधराच वर्षांनीं, १९१८ सालीं, हार्लो शॅप्ली यांनीं तारकागुच्छांचीं अंतरें काढून सूर्यास मध्यावरून उचलून दूर एका बाजूस नेऊन ठेवलें. आजच्या मोजणीप्रमाणें तें अंतर सुमारें सव्वीस हजार प्रकाशवर्षें आहे. पुढें १९२५ च्या सुमारास एडविन हबल यांनीं आपल्या आकाशगंगेसारख्या आणखीहि आकाशगंगा आहेत हें सिद्ध केलें. सूर्याचें बिऱ्हाड राजवाड्यांतून आडगल्लींत गेलें; जीव मात्र होता तेथेंच आणि होता तसाच राहिला. त्या ग्रंथाच्या भरंवशावर कोणी आपली श्रद्धा मध्यवर्ती सूर्याच्या खुंटीस टांगली असेल, तर त्याचें काय झालें असेल याचा वक्त्यांनीं विचार करावा.

स्नेह्यांना जो आंकडा लागला तो “एकावर १२० शून्यें” हा. त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. रिकाम्या अवकाशांतहि कांहीं ऊर्जा असावी, आणि तिच्यामुळें विश्वाचें प्रसरण वेग घेत असावें, असें दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या निरीक्षणांवरून १९९८ सालीं कळून आलें. या ऊर्जेचें मान पुंजसिद्धान्ताच्या ढोबळ हिशेबानें काढावयास गेलें तर तें प्रत्यक्षाहून एकावर १२० शून्यें इतक्या पटीनें मोठें येतें. सरळ भाषेंत याचा अर्थ असा कीं, आमचें गणित कोठेंतरी साफ चुकतें आहे. याहून मोठी चूक पदार्थविज्ञानांत शोधून सांपडणें कठीण. परंतु वक्त्यांच्या हातीं पडतांच ती चूक अचूकता बनली! आमच्या अज्ञानाची रक्कम विश्वकर्त्याच्या खात्यावर कौशल्य म्हणून जमा झाली. असली जमाखर्चाची वही एखाद्या वाण्यानें ठेवली असती तर त्याचें दिवाळें वाजावयास वेळ लागला नसता.

त्याहून भव्य आंकडा रॉजर पेनरोज यांचा, त्यांच्या १९८९ सालच्या ग्रंथांतला. विश्वाची आरंभींची अवस्था इतकी सुव्यवस्थित होती कीं, ती निव्वळ योगायोगानें येण्याचा संभव ज्या संख्येंत एक, ती लिहावयास लागणाऱ्या शून्यांची गणतीच एकावर १२३ शून्यें इतकी आहे. सभा हें ऐकून दिपली. परंतु पेनरोज यांनीं स्वतः यावरून काढलेला निष्कर्ष सभेस सांगण्यांत आला नाहीं. ते म्हणतात, जीवाच्या गरजेनें याचा उलगडा होत नाहीं. कारण एका सूर्यमालेपुरती आणि तिच्यावरच्या प्राण्यांपुरती सुव्यवस्था याच्या मानानें कल्पनातीत स्वस्तांत मिळाली असती. एका पाहुण्याच्या जेवणासाठीं सबंध मुलखांतल्या चुली पेटलेल्या दिसल्या, तर शहाणा मनुष्य इतकेंच म्हणेल कीं, बेत कांहीं वेगळा आहे, तो या पाहुण्यासाठीं नव्हे.

परंतु एकेक आंकडा घेऊन त्याची झडती घेण्यापेक्षां या सर्वांच्या मुळाशीं असलेला “संभव” हा शब्दच तपासणें बरें. आपल्या नैयायिकांनीं अनुमानास एक अट घातली आहे, ती व्याप्तीची. धूर दिसला कीं अग्नि आहे असें म्हणतां येतें, कारण स्वयंपाकघरांत दोघांचें साहचर्य वारंवार पाहिलेलें असतें. उदयनाचार्यांनीं “न्यायकुसुमांजलि” ग्रंथांत ईश्वरसिद्धीसाठीं जे हेतु दिले त्यांत पहिला हाच कीं, जग हें कार्य आहे आणि कार्यास कर्ता असतो, जसा घटास कुंभार. परंतु त्यांच्याहि पूर्वीं काहीं शतकें बौद्ध तार्किक धर्मकीर्ति यांनीं या दृष्टान्ताचें मर्म पकडलें होतें. मातीचा घट कुंभार करतो, म्हणून मातीचेंच असलेलें वारूळहि कुंभारानेंच केलें असें ठरेल काय? घट घडतांना आपण पाहिलेला असतो. म्हणून घटावरून कुंभार. विश्व घडतांना कोणीं पाहिलें, आणि कितीदां? डेव्हिड ह्यूम यांच्या मरणोत्तर, १७७९ सालीं, प्रसिद्ध झालेल्या संवादांत हीच शंका निराळ्या शब्दांत आलेली आहे. स्थिरांकांचा युक्तिवाद कितीहि नवा पोशाख घालून आला तरी ही अट त्यानें आजवर पुरी केलेली नाहीं.

कारण असें: अमुक स्थिरांक अमुक मर्यादेंत पडण्याचा संभव किती, हें सांगावयाचें तर तो कोठपासून कोठपर्यंत पडूं शकला असता हें आधीं ठाऊक पाहिजे. फांसा किती बाजूंचा आहे तें माहीत नाहीं, तो कोणीं टाकला कीं टाकलाच नाहीं तेंहि माहीत नाहीं. अशा स्थितींत सहा पडण्याचा संभव सांगणारा मनुष्य गणिती नव्हे. आणि स्थिरांकास कोणतेंहि मान येऊं शकलें असतें, मर्यादाच नाहीं, असें म्हटलें तर अनर्थ अधिकच. अनंताच्या मानानें केसाएवढी फट आणि हिमालयाएवढी फट दोन्ही सारख्याच शून्य. मग नाजुकपणाचें कौतुक उरलें कोठें? हा आक्षेप टिमोथी व लिडिया मॅक्ग्रू आणि एरिक व्हेस्ट्रप यांनीं २००१ सालीं स्वच्छ मांडला. मॅक्ग्रू पतिपत्नी निष्ठावंत ख्रिस्ती आहेत, ही गोष्ट मुद्दाम सांगतों. नाहींपेक्षां असा आक्षेप फक्त नास्तिकच घेतात असा समज व्हावयाचा.

यावर प्रतिपक्षाचें एक चतुर उत्तर आहे. तत्त्वज्ञ जॉन लेस्ली यांनीं १९८९ सालीं दृष्टान्त दिला: मृत्युदंड झालेल्या मनुष्यावर पन्नास नेमबाजांनीं गोळ्या झाडल्या, आणि पन्नासांचाहि नेम चुकला. “नेम चुकला नसता तर मी हा विचार करावयास उरलोंच नसतों” एवढें म्हणून तो मनुष्य स्वस्थ बसेल काय? यामागें कांहीं कट आहे, असें त्यानें मानूं नये काय? मानावें. परंतु कां? कारण नेमबाज म्हणजे काय, त्यांचा नेम कितीदां चुकतो, माणसें कट कशासाठीं करतात, हें सारें त्यास पूर्वींच ठाऊक आहे. व्याप्ति तेथें पदरीं आहे. ती पदरीं नसतां दृष्टान्त तेवढा उसना आणणें म्हणजे पुन्हा वारुळापुढें कुंभाराची हाक मारणें.

प्रश्नोत्तरांच्या वेळीं एक तरुण अभियंता उठला आणि मोठ्या आत्मविश्वासानें म्हणाला, “साहेब, विश्वकर्त्याची गरजच नाहीं. विश्वें अनंत आहेत. प्रत्येकाचे स्थिरांक वेगळे. आपण राहतां येण्याजोग्या विश्वांत आहोंत, बस्स.” कांहीं मंडळींनीं त्यालाहि टाळ्या दिल्या. मला हें उत्तर वक्त्यांच्या भाषणाचेंच जुळें भावंड वाटलें. संभव कसा मोजावयाचा हें एका विश्वांत जितकें अज्ञात, तितकेंच अनंत विश्वांतहि अज्ञात; उलट अधिक. इअन हॅकिंग यांनीं १९८७ सालीं या तर्कास जुगाऱ्याच्या उलट्या चुकीची उपमा दिली: खोलींत शिरतांच दोन फांशांवर बारा पडलेले पाहून जो म्हणतो कीं, “अर्थात् मंडळी संध्याकाळपासून खेळत असली पाहिजेत,” त्याची ती चूक. हा तर्क सर्वस्वीं निर्बळ आहे असें मात्र नाहीं. स्टीव्हन वाइनबर्ग यांनीं त्याच १९८७ सालीं असा हिशेब केला कीं, पोकळींतील ऊर्जा एका मर्यादेपलीकडे असती तर आकाशगंगा जमल्याच नसत्या. तेव्हां पाहणारा जेथें कोठें असेल तेथें ती त्या मर्यादेच्या आंतच असणार, आणि शून्यच असण्याचें कारण नाहीं. अकरा वर्षांनीं ती तशीच सांपडली. हें अनुमान मला आजहि अस्वस्थ करतें, आणि प्रतिपक्षाच्या भात्यांतला हाच एक बाण मी खरोखर तीक्ष्ण समजतों. परंतु तो अनेक विश्वांच्या बाजूनें सुटलेला आहे, वक्त्यांच्या बाजूनें नव्हे. आणि दुसरीं विश्वें आहेत काय, हें तपासण्याची वाट कोणास दाखवितां येईपर्यंत अभियंत्यानेंहि “विज्ञान सांगतें” म्हणूं नये.

राहिली बुद्धि. कार्बनपासून बुद्धीपर्यंतची उडी वक्त्यांनीं एका वाक्यांत मारली. पृथ्वीस ती इतकी सोपी गेलेली नाहीं. जीवाच्या खुणा साडेतीन अब्ज वर्षांपूर्वींच्या खडकांत मिळतात. त्यानंतरचा बहुतेक काळ सूक्ष्म एकपेशीय जीवांचाच होता, आणि प्राणी अवतरले ते गेल्या साठसत्तर कोटि वर्षांतले. साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं आजच्या मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक प्रचंड अशनि आदळला, महाकाय सरट नाहींसे झाले, आणि आपल्या उंदराएवढ्या पूर्वजांस मैदान मोकळें मिळालें. माणसाची जात उणीपुरी तीन लाख वर्षांची. या प्रवासांतलें एकहि वळण कार्बनच्या ७.६५ या आंकड्यांत लिहिलेलें नाहीं. तोच कार्बन, तेच स्थिरांक, आणि शेजारच्या शुक्रावर काय आहे? शिसें वितळेल इतक्या तापमानांत कार्बनच्याच वायूचें जाड पांघरूण.

आणि त्याच स्थिरांकांनीं माझ्या स्नेह्यांच्या घरचा दिवा विझविला. ज्या रसायनानें पेशी वाढते त्याच रसायनानें ती बेफाम वाढते. अणूंतलें बळ दोहोंकडे एकच. वक्त्यांनीं आंकड्यांतला प्रत्येक दशांश हेतुपूर्वक ठरला असें एकदां म्हटलें कीं, तो मृत्युहि त्या हेतूंत आला. मग तेथें येऊन थांबावयाचें आणि गहन लीला म्हणून हात जोडावयाचे, हें चालणार नाहीं. आमच्या संतांनीं देवाशीं भांडण केलें, रुसवे धरले, त्याला शिव्याहि दिल्या. परंतु त्याच्या अस्तित्वाचा दाखला कोणा प्रयोगशाळेकडून मागविला नाहीं. दाखल्यावर उभी केलेली श्रद्धा दाखला फिरला कीं पडते, आणि शास्त्रांतले दाखले फिरण्यासाठींच असतात. वॉलेस यांचा फिरला. लिव्हिओ यांच्या गणितानें हॉइल यांचा अर्धा फिरला.

सभेस आलेल्या मुलांचें नुकसान निराळें. माझा नातू यंदा बारावीस आहे, तो घरीं येऊन म्हणाला, “आजोबा, म्हणजे उत्तर सांपडलेंच ना?” त्यास मीं सांगितलें कीं, कार्बनची ती पातळी मूळ बळांपासून आरंभ करून गणितानें काढण्याचें काम १९५३ पासून अठ्ठावन्न वर्षें कोणास साधलें नव्हतें; तें २०११ सालीं एपेलबाउम, मायस्नर आणि त्यांचे सहकारी यांनीं महासंगणकावर प्रथम साधलें. हॉइल यांच्या जुळणीस चमत्कार म्हणून हार घालून तीं माणसें स्वस्थ बसलीं असतीं तर हें घडलें नसतें. पोकळींतल्या ऊर्जेचें गणित तर अजून कोणाच्याच हातीं लागलेलें नाहीं, आणि तें काम बारावींतल्याच कोणाच्या तरी वाट्यास यावयाचें आहे.

मीं वक्तेमहाशयांस पत्र घातलें. दुसरें कांहीं मागितलें नाहीं. पुढच्या वेळीं शेवटचें वाक्य “हें विज्ञान सांगत नाहीं, मी सांगतों” असें म्हणावें, आणि लिव्हिओ व पेनरोज यांचीं राहिलेलीं वाक्यें पुरीं करावींत, इतकीच विनंति केली. उत्तर अद्याप यावयाचें आहे.

स्नेही परवां संध्याकाळीं घरीं आले होते. देवाची गोष्ट त्यांनीं काढली नाहीं. म्हणाले, “तो बेरिलियमचा तुकडा इतका थोडा वेळ टिकतो म्हणतां, तर तो वेळ मोजला कसा? इतकें लहान घड्याळ आहे तरी कोठें?” घड्याळानें तो मोजलेला नाहीं, असें मीं सांगितलें; जें केंद्र अल्पायुषी त्याची ऊर्जा एका नेमक्या आंकड्यावर ठरत नाहीं, ती थोडी पसरलेली असते, आणि तो पसारा मोजून त्यावरून आयुष्य काढतात; बेरिलियमचा पसारा सुमारें साडेपांच इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. त्यांनीं व्याख्यानमालेचें पत्रक उलटें करून पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर भागाकार मांडला. दोनदां शून्यें चुकलीं. तिसऱ्यांदा उत्तर बरोबर आलें तेव्हां चहा थंड होऊन गेला होता.